पडदा पडल्यावर उरते काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाची जुनी छायाचित्रे एकत्र करण्याचे काम आम्हां दोघातिघांवर येऊन पडले. चर्चच्या सभागृहात नाताळात आणि गावच्या सणाला नाटक करण्याची प्रथा आमच्याकडे जुनी. घरोघरी फिरलो तेव्हा बिस्किटांच्या डब्यांतून, कपाटांच्या तळांतून शे-दीडशे छायाचित्रे हाती आली. ती टेबलावर मांडली आणि आम्ही चक्रावलो. त्यांत नट होते, नाटक नव्हते. प्रयोग संपल्यावर रांगेत उभे केलेले, गळ्यात हार घातलेले, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे चेहरे तेवढे होते. प्रयोग चालू असताना घेतलेली जी थोडी चित्रे होती, त्यांत फ्लॅशच्या पांढऱ्या झोताने रंगमंचावरची रात्र पुसून टाकली होती आणि मागच्या रंगवलेल्या पडद्यावर नटांच्या सावल्या पडल्या होत्या.

अपवाद एकच होता. कोणीतरी फ्लॅशविना घेतलेले एक धूसर चित्र. कंदिलाच्या उजेडात एक वृद्ध बाप खाटेच्या कडेवर वाकून बसला आहे, चेहरा अर्धा अंधारात, एक हात गुडघ्यावर उलटा टेकलेला. ती भूमिका करणारे गृहस्थ हयात नव्हते. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळी चित्रे दाखवली. हार घातलेल्या रांगेवरून त्यांची नजर पुढे गेली. या धूसर चित्रापाशी मात्र त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हे ते. हात घरीसुद्धा असाच ठेवायचे.”

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. चेहरा नीट न दिसणाऱ्या चित्रात माणूस ओळखू यावा आणि लख्ख चित्रात तो सापडू नये, असे का व्हावे? त्याचे उत्तर शोधताना आम्ही चालत्या प्रयोगाच्या छायाचित्रणाच्या इतिहासात शिरलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रंगमंचावर जन्मलेली कला

छायाचित्रणाची कला रंगभूमीच्या अंगणात वाढली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लुई दागेर हा मुळात नाटकांचे पडदे रंगवणारा आणि रंगमंचावर उजेडाची किमया करणारा कलावंत. पॅरिसच्या ऑपेरागृहात १८२२ साली ‘अलादिन’चा प्रयोग झाला, तेव्हा तेथे प्रथमच गॅसचे दिवे वापरले गेले, त्या प्रयोगाची दृश्ये दागेर आणि सिसेरी यांनी सजवली होती. त्याच वर्षी दागेरने ‘दिओरामा’ नावाचे प्रेक्षागृह उघडले. तेथे नट नव्हतेच. भव्य चित्रावर पुढून आणि मागून उजेड सोडून सकाळची संध्याकाळ करायची आणि प्रेक्षकांनी अंधारात बसून ती पाहायची, एवढाच खेळ. या दागेरनेच चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उजेडाकडून चित्र काढून घेण्याची रीत १८३९ साली जगापुढे आणली. त्याच वर्षी त्याचा दिओरामा आगीत भस्मसात झाला.

पुढे चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी नाटक आणि छायाचित्रण ही अशी जवळजवळ समवयस्क भावंडे. भाव्यांची मंडळी १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करून गेली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. दोघे एकाच शहरात आले, पण त्यांची भेट झाली नाही. ती होणे शक्यही नव्हते. दागेरच्या पत्र्याला उन्हातसुद्धा काही मिनिटे लागत. १८५१ नंतर आलेल्या ओल्या काचेला चांगल्या उजेडात काही सेकंद पुरत, पण तेल्या दिव्यांच्या आणि मशालींच्या उजेडात तिच्यावर काहीही उमटले नसते. रंगमंचाच्या उजेडाशी खेळता खेळता ज्याने ही कला शोधली, त्याच्याच रंगमंचावर तिला पाऊल ठेवता येत नव्हते.

म्हणून नटच स्टुडिओत गेले. काचेच्या छपराखाली, मानेला मागून लोखंडी आधार देऊन त्यांनी आपल्या भूमिकांची सोंगे दिली. आपल्याकडे संगीत नाटकांच्या वैभवकाळातील चित्रे पाहिली तरी हेच दिसते. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी असो वा १९१९ सालच्या ‘एकच प्याला’तील सिंधू असो, बालगंधर्वांची जी रूपे घरोघरी भिंतींवर विराजमान झाली ती स्टुडिओतील आहेत. शालू दिसतो, दागिने दिसतात, उभे राहण्याची ढब दिसते. गाताना गळ्याची शीर कशी ताणली जाई, सहनटाचे वाक्य ऐकताना डोळे कोठे जात, हे मात्र त्या चित्रांना सांगता येत नाही.

थांबवलेले नाटक

विजेचे दिवे आले तेव्हा परिस्थिती बदलेल असे वाटले. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळले. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर नाट्यगृहात बेंजामिन फॉक या छायाचित्रकाराने रंगमंचावरच विजेच्या उजेडात एका नाटकाच्या प्रवेशाचे चित्र घेतले. नटमंडळींना मात्र स्तब्ध उभे राहावे लागले. कॅमेरा रंगमंचापर्यंत आला, पण नाटक चालू असताना नव्हे, नाटक थांबवून.

१८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात भडकणारी दारू तयार केली. न्यूयॉर्कच्या जोसेफ बायरन या इंग्रज छायाचित्रकाराने १८९०च्या दशकात हिचा वापर करून ब्रॉडवेवरील नाटकांची असंख्य चित्रे घेतली. ती आजही जपलेली आहेत आणि पोशाख, नेपथ्य, खुर्च्या-टेबले यांच्या अभ्यासकांना अमोल आहेत. परंतु भडका उडाला की धूर पसरे. आगीचे भय नाट्यगृहांना आधीच होते. १८८१ साली व्हिएन्नाचे रिंगथिएटर शेकडो माणसांसह जळाले होते. भरल्या प्रेक्षागृहात असा भडका उडवणे अशक्यच होते. म्हणून पुन्हा नट थांबले, पुन्हा प्रवेश मांडला गेला, पुन्हा सर्वांनी श्वास रोखला.

येथे इतिहासाच्या वाचकाने सावध राहिले पाहिजे. जुन्या नाटकाचे चित्र समोर आले की आपण म्हणतो, पाहा, त्या काळी अभिनय किती ताठर होता! पण ताठरपणा अभिनयाचा की छायाचित्राचा, हे आपण विचारत नाही. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. चित्रातील एकही हात हललेला नसेल, पुढच्या नटापासून मागच्या खिडकीपर्यंत सारे सारखेच रेखीव असेल, नेपथ्यावर काळ्या सावल्या पडलेल्या असतील, बोलणाऱ्याकडे कोणी पाहत नसेल, तर ते नाटकाचे चित्र नव्हे. नाटकाच्या आठवणीसाठी मांडलेला देखावा आहे. प्रेक्षकांनी पाहिलेला उजेड त्यात नसतो. बायराइथला वाग्नरने १८७६ मध्ये प्रेक्षागृह अंधारे केले, तेव्हापासून रंगमंचाच्या उजेडाला निराळा अर्थ येऊ लागला होता. काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे दिवे ठरवू लागले होते. भडक्याने तो अर्थच नाहीसा केला.

अंधारात पाहणारे भिंग

खरी क्रांती १९२४ साली जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाली. एर्नेमान कंपनीसाठी लुडविग बेर्टेले या तरुण गणितज्ञाने एक भिंग आखले आणि ते ‘एर्मानॉक्स’ नावाच्या छोट्या कॅमेऱ्यावर बसवले. भिंगाचे तोंड कॅमेऱ्याच्या देहापेक्षा मोठे वाटावे असे ते विचित्र यंत्र होते. त्याची क्षमता एफ २, म्हणजे एफ ४.५ या त्या काळी वेगवान समजल्या जाणाऱ्या भिंगाच्या पाचपट उजेड ते आत घेई. जाहिरातीतच दावा होता, की नाट्यगृहात प्रयोग चालू असताना, फ्लॅशविना चित्रे घेता येतील. छायाचित्रणाच्या जन्मानंतर पंच्याऐंशी वर्षांनी कॅमेरा प्रेक्षकांत येऊन बसला.

अडचणी संपल्या असे नव्हे. एका वेळी एकच काच, कॅमेरा तिपाईवर, आणि उघडझाप पुष्कळदा अर्ध्या सेकंदाची. नट क्षणभर स्थिरावेल तेव्हाच चित्र मिळे. फरक इतकाच, की आता छायाचित्रकारासाठी नट थांबत नव्हता, नटासाठी छायाचित्रकार थांबत होता. आमच्या मते या इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच. त्याने छायाचित्रकाराला नम्र केले. त्याला नाटक ऐकावे लागले, ते पाठ करावे लागले, वळण्यापूर्वी नट कोठे अडखळतो हे ध्यानात ठेवावे लागले.

याच कॅमेऱ्याने एरिक सालोमोन या बर्लिनच्या कायदेपंडिताने १९२८ साली न्यायालयात लपूनछपून चित्रे घेतली आणि तो जगप्रसिद्ध झाला. कटघरा आणि परिषदेचे टेबल हीही रंगमंचेच, हे त्याने ओळखले होते. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि एका रोलवर छत्तीस चित्रे घेता येऊ लागली. त्याच्या कापडी पडद्याचा आवाजही शेजारच्या प्रेक्षकाला जेमतेम ऐकू येई. १९३२ मध्ये त्याच बेर्टेलेने काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी एफ १.५ क्षमतेचे सोनार भिंग दिले. साधने हाती आली आणि नेमक्या त्याच वेळी जर्मनीवर काळरात्र उतरली. सालोमोन ज्यू होता. १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. फ्रेड फेल हा व्हिएन्नाचा छायाचित्रकार १९३९ साली अमेरिकेला निसटला. १९४० पासून न्यूयॉर्कच्या प्रेक्षागृहांत बसून, रंगमंचाच्याच उजेडात, त्याने नाटक आणि नृत्य यांची चित्रे घेतली. आणि नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त १९३३ मध्येच देश सोडून गेला होता.

न फुटलेली किंकाळी

मराठी प्रेक्षकाला ब्रेख्त परका नाही. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ यांच्यामार्गे तो आपल्या रंगभूमीवर आला. परंतु ब्रेख्तने छायाचित्रांचा जो उपयोग केला तो आपल्याकडे फारसा परिचित नाही. त्याची सहकारी रूथ बर्लाऊ ही डॅनिश अभिनेत्री अमेरिकेतील वनवासात छायाचित्रण शिकली. तिने प्रयोग चालू असताना वरच्या सज्जातून चित्रामागून चित्र घेतले. हेतू स्मरणिका काढण्याचा नव्हता. कोणत्या वाक्याला कोण कोठे उभा होता, थाळी कोणाच्या हातात होती, दोन माणसांत अंतर किती होते, याची ती नोंद होती. १९४८ साली स्वित्झर्लंडमधील कूर गावी झालेल्या ‘अँटिगनी’च्या प्रयोगाचा असा ‘नमुनाग्रंथ’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मदर करेज’चा १९५८ मध्ये. दुसऱ्या गावच्या मंडळींनी तो पाहावा, त्यातून शिकावे आणि पटेल तेथे तो मोडावा, अशी त्यामागची कल्पना होती.

‘मदर करेज’चा बर्लिनमधील प्रयोग ११ जानेवारी १९४९ रोजी झाला. युद्धावर पोट भरणारी ही बाई आपल्या मुलाच्या सुटकेसाठी घासाघीस करते, नको तितका वेळ करते, आणि पडद्यामागे गोळ्यांचा आवाज होतो. हेलेने वायगेल त्या क्षणी मान मागे टाकून तोंड उघडते. आवाज मात्र निघत नाही. तो प्रयोग पाहिलेले समीक्षक जॉर्ज स्टाइनर यांना पिकासोच्या ‘गेर्निका’मधील घोड्याचे तोंड आठवले होते. हा क्षण छायाचित्रांत टिपला गेला. प्रेक्षागृहात तो दोन-तीन श्वासांत सरून जात असे. चित्रात तो आजही उघडा आहे.

पण या क्षणाची कुळकथा अधिक विलक्षण आहे. ब्रेख्त युद्धकाळात वृत्तपत्रांतील छायाचित्रे कापून ठेवीत असे. वायगेलची ही मुद्रा कोठून आली असावी याविषयी त्याने नमुनाग्रंथात टिपण केले आहे: सिंगापूरवरील तोफांच्या माऱ्यात मारल्या गेलेल्या मुलाच्या देहाशेजारी बसलेल्या एका भारतीय स्त्रीच्या वृत्तपत्रीय छायाचित्रावरून ती बहुधा आली असावी. म्हणजे आपल्याच देशातून समुद्रापार गेलेली एक अनाम आई. १९४२च्या सुमारास कोण्या वार्ताहराच्या कॅमेऱ्याने तिचा आकांत टिपला. त्या चित्राला आवाज नव्हता, म्हणून रंगमंचावरील आकांतही आवाजाविना आला. आणि रंगमंचावरून तो पुन्हा छायाचित्रात परतला. आईच्या दुःखाने केलेला हा प्रवास समजल्यापासून आम्हांला वायगेलचे ते चित्र केवळ अभिनयाचे उदाहरण म्हणून पाहता आलेले नाही. जगात कोठेही मुलाच्या कलेवराशी बसलेली आई त्यात दिसते. आपल्या श्रद्धेतील क्रुसाखालची माताही.

पॅरिसमध्ये या नाटकाची चित्रे रोजे पिक या फ्रेंच छायाचित्रकाराने प्रयोग चालू असताना घेतली आणि रोलाँ बार्त या विचारवंताने १९५९ साली त्यांतील सात चित्रांवर लेख लिहिला. त्याचा आशय असा, की प्रयोगाच्या ओघात वाहून जाणारा तपशील छायाचित्र परत मिळवून देते, आणि नाटकाचा अर्थ पुष्कळदा त्या तपशिलातच दडलेला असतो. गावातील त्या धूसर चित्राला ही कसोटी लावा. गुडघ्यावर उलटा टेकलेला हात हाच तो तपशील.

उजेड वाढला, संयम?

१९५४ मध्ये कोडॅक कंपनीने छोट्या कॅमेऱ्यासाठी ट्राय-एक्स ही फिल्म आणली. तिची वेगक्षमता तेव्हा २०० धरली जाई, पुढे १९६०च्या नव्या मोजणीत ती ४०० ठरली. ती जास्त वेळ धुवून दुप्पट, चौपट वेगाने वापरता येई. मोबदल्यात चित्रात वाळूसारखे कण दिसत. आपल्या देशात या फिल्मच्या युगाचे श्रेष्ठ साक्षीदार कोलकात्याचे निमाई घोष (१९३४–२०२०). सत्यजित राय यांचे छायाचित्रकार म्हणून जग त्यांना ओळखते. पण ते मुळात उत्पल दत्त यांच्या मंडळीत काम केलेले नट. उपलब्ध उजेडातच चित्र घ्यायचे, फ्लॅश लावायचा नाही, हे त्यांचे व्रत होते. साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंतच्या कोलकात्याच्या रंगभूमीची त्यांची चित्रे २००० साली ग्रंथरूपाने आली. नटालाच ठाऊक असते की दुसरा नट केव्हा श्वास घेणार; त्यांच्या चित्रांचे रहस्य बहुधा यातच असावे.

या कामातील खाचखळगे आजही तेच आहेत. मागचा काळा पडदा प्रकाशमापकाला फसवतो. तो सरासरी काढतो आणि चेहरा पांढराफटक करून टाकतो, म्हणून मोजमाप चेहऱ्यावरच घ्यावे लागते. सेकंदाच्या साठाव्या भागात चालणारा माणूस पुसट होतो, पण संवादाच्या विरामात थांबलेला माणूस मिळतो. २००७ मध्ये आलेल्या निकॉनच्या डी ३ या डिजिटल कॅमेऱ्याने ६४०० इतकी वेगक्षमता सहज वापरात आणली. ट्राय-एक्सच्या चारशेपेक्षा ती सोळापट. नंतरच्या कॅमेऱ्यांतून तर खटक्याचा आवाजही गेला. त्याऐवजी एलईडी दिव्यांच्या सूक्ष्म लुकलुकीने चित्रावर पट्टे उमटण्याची नवी व्याधी आली, एवढेच.

दागेरला जे स्वप्नातही शक्य नव्हते ते आता खिशातल्या फोनला जमते. मग आमच्या गावच्या नाटकांची चित्रे सुधारली का? प्रांजळपणे सांगावयाचे तर नाही. प्रयोग सुरू होताच प्रेक्षागृहात पन्नास पडदे उजळतात, मागच्याला पुढचे दिसत नाही, आणि नटाची नजर नकळत त्या उजेडाकडे वळते. हजारो चित्रे निघतात. कोणते कोणी, केव्हा, कोणत्या नाटकात काढले हे वर्षभरात कोणालाच सांगता येत नाही. पूर्वी अडचण उजेडाची होती, आता लक्ष देण्याची आहे.

आम्ही मंडळाला एक सूचना केली आणि ती मान्य झाली. रंगीत तालमीला आणि एका प्रयोगाला एकाच माणसाने, मंडळाच्या संमतीने, फ्लॅशविना चित्रे घ्यावीत. बाकीच्यांनी नाटक पाहावे. निवडक चित्रे कागदावर छापून त्यांच्या पाठीवर नाटकाचे नाव, तारीख आणि नटांची नावे पेन्सिलीने लिहावीत. काम लहान आहे. पण आमच्या पदरी असलेल्या शे-दीडशे चित्रांपैकी निम्म्यांवरील माणसांची नावे आम्हांला सापडली नाहीत, आणि ज्यांना ठाऊक होती ते आता सांगायला नाहीत, हे दुःख आम्ही अनुभवले आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. हार घातलेल्या चित्रात तो माणूस आपण कसे दिसावे हे ठरवून उभा होता. धूसर चित्रात तो स्वतःला विसरून दुसऱ्या कोणाचे दुःख वाहत होता, आणि त्या विसरण्यातच त्याचा स्वतःचा हात जसा होता तसा गुडघ्यावर आला. फ्लॅश न लावणाऱ्या त्या अज्ञात छायाचित्रकाराने तो क्षण मोडला नाही; होता तेवढाच उजेड पुरेसा मानला. ते चित्र आम्ही मोठे करून त्या बाईंना दिले. त्यांनी ते देवघराशेजारी लावले आहे. चेहरा अजूनही अंधारातच आहे.